फोर्क मोकळा, हात मोकळे

ही पुस्तिका मोटरसायकलच्या पुढच्या शॉकअपबद्दल, म्हणजे फोर्कबद्दल आहे, आणि त्यातही फक्त घर्षणाबद्दल. स्प्रिंग किती कडक हवी, ऑइल कोणतं घालावं, डॅम्पिंगचा स्क्रू किती क्लिक फिरवावा यांवर गॅरेजात आणि ट्रॅकवर भरपूर बोललं जातं. पण या सगळ्यांची पाळी फोर्क हलू लागल्यावर येते. तो जागचा हलतच नसेल तर स्प्रिंग कितीही महागाची असो, धक्का चाकातून थेट हँडलमध्ये आणि हँडलमधून मनगटात जातो. रायडर म्हणतो, ‘‘शॉकअप कडक आहे, मऊ स्प्रिंग टाका.’’ मेकॅनिक मऊ स्प्रिंग टाकतो. मग ब्रेक लावला की गाडी नाक खाली घालते, उडीनंतर तळाला आपटते, आणि बारीक खडबडीवर हात मात्र पूर्वीसारखेच झिणझिणतात. दुखणं एकीकडे आणि औषध भलतीकडे, असा हा प्रकार.

फोर्कमधलं बरंचसं घर्षण कारखान्यातून आलेलं नसतं. चाक बसवताना, बोल्ट आवळताना, गाडी धुताना आणि ऑइल बदलायचं टाळताना ते आपणच आत घालतो. जे आपण घातलं ते आपल्याला साध्या पान्यांनी काढताही येतं. पुढची सगळी प्रकरणं या एका म्हणण्याच्या आधारावर उभी आहेत.

आदिलाबाद जिल्ह्यातल्या जैनथमध्ये बसून मोटोक्रॉसच्या, म्हणजे कच्च्या मातीवरच्या मोटरसायकल शर्यतीच्या, फोर्कवर लिहायचं म्हणजे कुणाच्याही भुवया उंचावतील. जैनथ म्हटलं की लक्ष्मीनारायणाचं जुनं देऊळ आणि कार्तिकातला उत्सव आठवतो. शिवारात कापूस, उत्तरेला पैनगंगा, नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा, आणि दोन्ही काठांवर मराठी. इथे मोटोक्रॉसचा ट्रॅक नाही. पण मोटोक्रॉसच्या ट्रॅकवर जे मुद्दाम तयार करावं लागतं ते काळ्या मातीच्या मुलखात आपोआप होतं. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावर टाकलेल्या डांबराला लाटा येतात. पांदण रस्त्यावर ओल्या मातीत ट्रॅक्टर आणि बैलगाड्या चाकोऱ्या पाडतात. त्या पुढे दगडासारख्या वाळतात. जिथे सडक व्हायची असते तिथे अंथरलेली गिट्टी महिनोन् महिने उघडी असते. शेंगदाण्याच्या किंवा खताच्या पोत्यासकट शंभर सीसीची गाडी रोज या वाटेने नेणारा शेतकरी आणि पुण्याच्या स्टेडियममधला सुपरक्रॉस रायडर यांच्या गाड्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पुढच्या दोन नळ्या मात्र दोघांच्याही एकाच नियमाने अडकतात.

मोटोक्रॉस हा खेळ जन्माला आला इंग्लंडमध्ये. १९२४ साली सरे परगण्यातल्या कॅम्बरलीजवळ माळरानावर शर्यत झाली, तेव्हा त्याला स्क्रँबल म्हणत. १९५७ पासून त्याचं जागतिक अजिंक्यपद सुरू झालं. आपल्याकडे हा खेळ रुजला तो प्रामुख्याने सुपरक्रॉस या आटोपशीर रूपात, म्हणजे स्टेडियममध्ये किंवा मैदानात माती आणून बांधलेल्या ट्रॅकवर. त्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. पुण्याच्या ऋग्वेद बारगुजेसारख्या रायडरांनी राष्ट्रीय सुपरक्रॉस गाजवला. इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरीही जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात, बालेवाडीच्या क्रीडा संकुलात झाली. फोर्क बनवण्याच्या धंद्यातही मराठी मुलूख मागे नाही. १९६१ साली सुरू झालेल्या गॅब्रिएल इंडियाचे चाकण आणि नाशिकचे कारखाने, वाळूजच्या परिसरात वाढलेली एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीज, चाकणला केटीएमच्या गाड्या बनवणारी बजाज ऑटो, ही नावं देशभरच्या गाड्यांच्या पुढच्या चाकामागे उभी आहेत. एवढं असूनही गॅरेजात काम करणाऱ्या मुलाच्या हाती द्यावं असं या विषयावरचं मराठी लेखन फारसं दिसत नाही. वस्तू इथे बनते, आणि ती कशी चालते ते मात्र कुणाच्या तरी हाताखाली बघूनच शिकावं लागतं.

आता फोर्क अडकतो म्हणजे नेमकं काय होतं ते पाहू. टेलिस्कोपिक फोर्क म्हणजे एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्या. साध्या गाडीत क्रोमचा पाइप वर आणि ॲल्युमिनियमची बॉटम केस खाली असते. मोटोक्रॉसच्या गाडीत हीच रचना उलटी केलेली असते, म्हणून त्याला उलटा फोर्क किंवा यूएसडी म्हणतात. दोन नळ्यांच्या मध्ये घासण्याचं काम बुश करतात. ऑइल बाहेर येऊ नये म्हणून ऑइल सील, आणि धूळ आत जाऊ नये म्हणून त्याच्या बाहेरच्या बाजूला डस्ट सील. पाइपला घट्ट मिठी मारणं हेच सीलचं काम असल्यामुळे काही घर्षण राहणारच. साध्या गाडीच्या फोर्कचा प्रवास सव्वाशे मिलिमीटरच्या आसपास असतो, मोटोक्रॉसच्या गाडीचा तीनशेच्या आसपास. प्रवास जितका लांब तितकी अडकण्याची संधी अधिक.

यातली खरी मेख तिरपेपणात आहे. फोर्क सरळ उभा नसतो, साधारण २६-२७ अंशांनी मागे कललेला असतो. त्यामुळे जमिनीकडून वर येणारा सगळा जोर नळ्यांच्या दिशेने जात नाही. २७ अंशांच्या हिशेबाने १०० किलोच्या उभ्या भारातला सुमारे ४५ किलोचा भाग फोर्कला आडवा वाकवू पाहतो. एक्सल खाली लांब, बुश वर आणि एकमेकांच्या जवळ. त्यामुळे तरफेच्या न्यायाने बुशवरचा दाब याहून वाढतो. फोर्क पूर्ण उघडलेला असताना दोन बुशांमधलं अंतर सर्वांत कमी असतं. म्हणजे उडीवरून चाक जमिनीला टेकतं त्या क्षणी, जेव्हा फोर्क सर्वांत मोकळा हवा, तेव्हाच तो अडकण्याच्या सर्वांत जवळ असतो.

दुसरी गोष्ट सुरुवातीच्या क्षणाची. थांबलेली वस्तू हलवायला, हलती वस्तू हलती ठेवण्यापेक्षा जास्त जोर लागतो, हे फ्रेंच अभियंता कूलॉम्ब याने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातच प्रयोगांनी तपासलं होतं. वंगण घातलेल्या भागांमध्ये वेगाप्रमाणे घर्षण कसं बदलतं याचा आलेख रिचर्ड स्ट्रिबेक या जर्मन अभियंत्याने १९०२ च्या सुमारास मांडला. पृष्ठभाग पुरेशा वेगाने सरकू लागले की मध्ये ऑइलचा पडदा तयार होतो आणि घर्षण घसरतं. अगदी मंद वेगाला तो पडदा नसतो. धातूला धातू आणि पाइपला रबर टेकलेलं असतं. गाडी उभी असताना सीलची धार आपल्या खालचं ऑइल हळूहळू पिळून बाजूला सारते, म्हणून पहिला हेलकावा सर्वांत जड. पावसाळ्यात फुगलेल्या लाकडी ड्रॉवरसारखं हे आहे: हळू ओढला तर हलत नाही, जोर लावला की एकदम बाहेर येतो. फोर्कचंही तसंच. बारीक खडीवर तो हलत नाही आणि मोठ्या खड्ड्यात एकदम दचका देऊन बसतो.

गंमत अशी, की एके काळी घर्षण हेच औषध होतं. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या गाड्यांत गर्डर फोर्क असत. त्यांची उसळी आवरायला घर्षणाच्या चकत्या बसवलेल्या असत, आणि रायडर एक फिरकी आवळून त्या कमी-जास्त घट्ट करी. १९३५ मध्ये बीएमडब्ल्यूने आर १२ आणि आर १७ या गाड्यांवर ऑइलने आवरला जाणारा टेलिस्कोपिक फोर्क बाजारात आणला, आणि पुढे तोच जगाचा रिवाज झाला. हलका, देखणा, बनवायला सोपा. त्याचा वाकण्याचा आणि अडकण्याचा दोष मात्र तेव्हापासूनचा आहे. म्हणूनच १९५५ ते १९६९ या काळात बीएमडब्ल्यूनेच आपल्या गाड्यांना अर्ल्स फोर्क लावला. त्यात नळ्या एकमेकींत सरकत नाहीत, चाक एका आडव्या हातावर झुलतं. आपल्या ओळखीच्या जुन्या बजाज चेतकचं पुढचं चाकही अशाच लिंकवर होतं. साइडकारच्या मोटोक्रॉसमध्ये, जिथे आडवा जोर फार असतो, तिथे आजही लिंकचाच फोर्क वापरतात.

एकट्या गाडीच्या मोटोक्रॉसने टेलिस्कोपिक फोर्क सोडला नाही. त्याचं घर्षण कमी करण्यामागे तो लागला. टेफ्लॉनचा थर दिलेले बुश आले, पाइपवर टायटॅनियम नायट्राइडचे किंवा हिऱ्यासारख्या कठीण कार्बनचे लेप आले. शोवाने स्प्रिंग एकाच पायात आणि डॅम्पिंग दुसऱ्या पायात ठेवून घासणारे भाग कमी केले. २०१३ च्या सुमारास जपानी कंपन्यांनी वजन वाचवायला स्प्रिंग काढून हवेचे फोर्क आणले. वजन वाचलं, पण हवेच्या मोठ्या दाबाला धरून ठेवायला सील पाइपला अधिक जोरात बिलगले, आणि सुरुवातीची अडकण वाढल्याची रायडरांची तक्रार सुरू झाली. होंडाने २०१७ च्या मॉडेलवर पुन्हा स्टीलची स्प्रिंग बसवली. इतक्या मोठ्या कंपन्यांनाही जे भोवलं ते क्षुल्लक असणार नाही.

हाताच्या थकव्याशी याचा संबंध थेट आहे. मोटोक्रॉसमध्ये ‘आर्म पंप’ हा शब्द रायडरच्या तोंडी असतो. सतत घट्ट पकडीमुळे कोपराखालचे स्नायू रक्ताने फुगतात, त्यांच्याभोवतीचं आवरण मात्र ताणलं जात नाही. आतला दाब वाढतो, हात दगड होतो आणि बोटं क्लच-ब्रेकवर चालेनाशी होतात. पुढचं चाक बारीक खडबडीवर थरथरलं की माणूस न कळत हँडल आणखी घट्ट धरतो, आणि घट्ट पकडीतून थरथर आणखी वर चढते. हे दुष्टचक्र आहे. हातातून शिरणाऱ्या कंपनांचा प्रश्न खेळापुरता नाही. युरोपीय संघाने २००२ मध्ये कामगारांसाठी जो निर्देश काढला त्यात आठ तासांच्या हिशेबाने हाताला बसणारं कंपन २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग या पातळीला गेलं की उपाय सुरू करायला सांगितलं आहे, आणि ५ ही कमाल मर्यादा ठरवली आहे. रोज दोनदा बाजार गाठणाऱ्या माणसाच्या हाताची अशी मोजणी कुणी करत नाही. बोटं बधिर होत असतील, रात्री मुंग्या येत असतील, तर गॅरेजच्या आधी डॉक्टरकडे जावं. पण गाडीचा फोर्कही तपासावा.

तपासायचा कसा? ‘हाताने दाबून बघितलं, बरा वाटला’ याला मोजमाप म्हणत नाहीत. त्यासाठी एक टेप आणि एक मदतनीस पुरतो. रायडरने गाडीवर नेहमीसारखं बसायचं, पुढचा ब्रेक सोडलेला. मदतनीसाने हँडल खाली दाबून मग अगदी सावकाश वर येऊ द्यायचं, आणि ते जिथे आपसूक थांबेल तिथे फोर्कची लांबी मोजायची. मग पुढची बाजू थोडी वर उचलून तशीच सावकाश खाली सोडायची आणि पुन्हा मोजायचं. घर्षण नसतं तर दोन्ही आकडे एकच आले असते. समजा, मोटोक्रॉसच्या गाडीच्या दोन्ही स्प्रिंगांचा कडकपणा मिळून प्रति मिलिमीटर ९.२ न्यूटन आहे आणि दोन मापांत २० मिलिमीटरचा फरक आला. त्या फरकाचा अर्धा, १० मिलिमीटर, गुणिले ९.२ म्हणजे ९२ न्यूटन: नऊ किलोंहून थोडं जास्त. समतोलात उभ्या असलेल्या या गाडीच्या चाकावर नऊ किलोंपेक्षा कमी फरक पडला तर फोर्कला त्याचा पत्ताच लागत नाही. ते सगळं हँडलला जातं. ही मोजणी सर्व्हिसिंगच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा करून वहीत लिहून ठेवा. मग काम झालं की नाही हे कुणाच्या शब्दावर अवलंबून राहत नाही.

कारणांमध्ये पहिला मान एक्सलचा. दोन्ही पाय एकमेकांना समांतर असतील तरच नळ्या मोकळ्या सरकतात. पंक्चर काढून चाक बसवताना कॉलर उलटी बसली, दुसऱ्या गाडीची टाकली किंवा राहूनच गेली, की नट आवळताना दोन्ही पाय आत ओढले जातात आणि फोर्क तिथेच निम्मा जाम होतो. ज्या गाडीत एका पायाला एक्सल आवळणारे पिंच बोल्ट असतात तिथे क्रम महत्त्वाचा. आधी एक्सल आणि त्याच्या मुख्य बाजूचे बोल्ट मॅन्युअलप्रमाणे आवळायचे. दुसऱ्या पायाचे बोल्ट ढिले ठेवायचे. गाडी स्टँडवरून उतरवून फोर्क चार-सहा वेळा पूर्ण खाली-वर दाबायचा, म्हणजे तो ढिला पाय एक्सलवर सरकत आपली जागा शोधतो. मगच त्याचे बोल्ट लावायचे. हे काम पाच मिनिटांचं आहे, खर्च शून्य, आणि अनेक गाड्यांत सर्वांत मोठा फरक यानेच पडतो.

दुसरा गुन्हेगार जास्त आवळलेला टी, म्हणजे फोर्कच्या दोन्ही पायांना वर धरून ठेवणारे क्लॅम्प. उलट्या फोर्कची बाहेरची नळी ॲल्युमिनियमची आणि पातळ असते. खालच्या क्लॅम्पचे बोल्ट जिवाच्या आकांताने आवळले की ती तिथे चेपते, आणि आतला बुश तेवढ्या टप्प्यात घासू लागतो. मोटोक्रॉसच्या बऱ्याच गाड्यांना इथे २० न्यूटन-मीटरच्या आसपासच जोर सांगितलेला असतो. ‘घट्ट म्हणजे चांगलं’ ही आपल्या हाताची सवय आहे. टॉर्क पाना ती मोडतो. अपघातात टी पिळला असेल किंवा पाइप वाकला असेल तर मात्र ऑइल, सील, बुश यांवर कितीही खर्च करा, उपयोग नाही. पाइप काढून सपाट काचेवर किंवा व्ही-ब्लॉकवर फिरवून बघावा.

तिसरी धूळ. कापसाच्या मोसमात आणि उन्हाळ्यात इथली बारीक काळी धूळ डस्ट सीलच्या आत जाऊन बसते आणि ऑइलच्या ओलाव्यात तिची लुगदी होते. ती पाइपला ओरखडते, सीलची धार खाते, मग शॉकअप लीक होतं. डस्ट सील अलगद जागेवरून सरकवून (साध्या फोर्कमध्ये वर, उलट्यात खाली) ती जागा पुसणं हे महिन्याचं काम असावं. सीलच्या धारेत अडकलेला कण काढायला जुन्या एक्स-रे फिल्मची गुळगुळीत कापलेली पट्टी चालते. सुरी किंवा स्क्रूड्रायव्हर कधीही नाही. पाइपवर साधं ग्रीस फासू नका, त्यावर धूळ चिकटते. डिझेलने गाडी धुण्याची आणि वॉशिंगच्या जोरदार फवाऱ्याचं तोंड सीलवर धरण्याची पद्धत बंद करा. नवे सील बसवताना त्यांच्या धारेला थोडं फोर्क ऑइल किंवा सीलसाठीचं ग्रीस लावावं. कोरडे बसवलेले सील पहिल्या दिवसापासून चिकटतात.

चौथं ऑइल. बाहेर काढलेलं ऑइल करडं आणि चकाकणारं दिसलं तर त्यात बुशचं आणि ॲल्युमिनियमचं झिजलेलं पीठ आहे. ते वंगण राहिलेलं नाही, घासणारा गाळ झालेला आहे. आदिलाबाद जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि हिवाळ्यातल्या पहाटे एक अंकी उतरतो, त्यामुळे जाड ऑइलचा फोर्क थंडीत अधिकच सुस्त होतो. डब्यावरचा ‘१० डब्ल्यू’ हा आकडाही कंपनीगणिक बदलतो. ४० अंशांवरची चिकटी किती सेंटिस्टोक ते बघून ऑइल निवडावं. इंजिन ऑइल फोर्कमध्ये ओतणं ही काटकसर नाही.

पुढच्या प्रकरणांचा क्रमही हाच आहे: आधी मोजणी, मग एक्सल, मग टी आणि कोनसेट (हँडलचं बेअरिंग), मग सफाई, ऑइल, सील आणि बुश, लेप आणि महागडे पार्ट सर्वांत शेवटी. ब्रेकच्या पॅडला ऑइल लागू न देणं, पुढचं चाक उघडल्यावर प्रत्येक बोल्ट दोनदा तपासणं, आणि पहिली फेरी सावकाश मारणं, या सूचना प्रत्येक प्रकरणात पुन्हा पुन्हा येतील. कंटाळा आला तरी त्या वगळू नका.

एक मर्यादाही सांगून ठेवतो. घर्षण पूर्ण शून्यावर आणता येत नाही, आणि घर्षण कमी झालं की डॅम्पिंगची कमतरता उघडी पडते. आधी अडकण्यामुळे न उसळणारा फोर्क मोकळा झाल्यावर डोलू लागला, तर घाबरून बोल्ट पुन्हा आवळू नका. रिबाउंडचं डॅम्पिंग वाढवा, किंवा साध्या गाडीत योग्य चिकटीचं ताजं ऑइल योग्य मापाने भरा. खराब रस्ता, वेग आणि पोत्यांचं ओझं यांना फोर्क उत्तर देऊ शकत नाही. आणि ही पुस्तिका तुमच्या गाडीच्या मॅन्युअलची जागा घेत नाही. दोघांत फरक दिसला तर मॅन्युअलचं ऐका.

गॅरेज चालवणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. गिऱ्हाईक ‘शॉकअप कडक झालंय’ म्हणत आलं तर पार्टची यादी लिहायच्या आधी टेप घ्या, दोन मापं काढा, एक्सल ढिला करून पाय सरळ बसवा आणि पुन्हा मापा. फरक निम्म्यावर आला तर तेवढ्याच मजुरीचे पैसे घ्या आणि का झालं ते त्याला समजावून सांगा. त्याचे पैसे वाचतील, हात वाचतील, आणि पुढच्या वेळी तो तुमच्याकडेच येईल.